बोअरच्या पाण्याचा चैत्र

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आमच्या बावड्यात चैत्र आल्याचं कळतं. उसाच्या गाड्यांची रांग एका दिवसात नाहीशी होते. हंगामभर नाकात बसलेला मळीचा वास हळूहळू जातो आणि त्याच्या जागी कडुलिंबाच्या मोहोराचा वास येतो. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडायची थांबते. मग नळ एक दिवसाआड येतो, आणि दुपारच्या वेळी गल्लीत घराघरांतून बोअरच्या मोटारी घुमायला लागतात.

यंदा त्यात एक आवाज नवा आहे. कोपऱ्यावरच्या घरात भाड्यानं नवीन माणसं आलीत. त्यांनी पाडव्याला गाडी आणली. डाळिंबी रंगाची. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. घरधनी रोज दुपारी बनियनवर बाहेर येतो, पाइप जोडतो आणि भर उन्हात तिला आंघोळ घालतो. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की तवा धुतल्यासारखा चर्र आवाज होतो. मी तेव्हा भाकरी थापत असते. तो आवाज आला की माझा हात थांबतो. काल दोन भाकरी करपल्या.

त्या गाडीचं काय होणार आहे ते मला माहीत आहे. ह्या गल्लीत माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नाही. पण सांगायचं म्हणजे दारात जाऊन हाक मारायला पाहिजे. आणि मी ह्या गल्लीत कधी कुणाला हाक मारलेली नाही. भाजीवालीलासुद्धा मी हात दाखवून थांबवते. काल मी उंबऱ्यापर्यंत गेले, पदर सारखा केला आणि परत आत आले.

दोन वर्षांपूर्वीचा चैत्र असाच होता. तेव्हा गाडी आमच्या दारात होती आणि पाणी घालणारी मी होते.

गाडी माझ्या सुनेची, रोहिणीची. ती शाळेत शिकवते. मुलगा माझा फौजेत, वर्षातून दोनदा येतो. त्यामुळं गाडी घेणार रोहिणी, चालवणार रोहिणी, आणि रंग ठरवणार घरातली बाकीची सगळी, असं चाललं होतं. आमचे हे म्हणाले, "पांढरी घ्या. उन्हात तापत न्हाय." रोहिणीचे वडील जयसिंगपूरला असतात, त्यांचं धान्याचं अडत दुकान आहे. ते फोनवर म्हणाले, "एक तर बायामाणसानं गाडी हाकायची, त्यात काळी? पाडव्याला काळी वस्तू कोण घरात आणतं?" रोहिणीनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी लसूण सोलत होते.

"आत्या, तुमाला कुठली आवडली?" ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं बऱ्याच घरांत सासूला तसंच म्हणतात.

मी हळूच म्हटलं, "काळी."

"का वो?"

का ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आत्ता लिहिते. माझं माहेर मुरगूडच्या बाजूला. चौथीपर्यंत शाळा आमच्या वस्तीवरच होती. पाचवीला लांब जावं लागायचं, आणि घरात तीन म्हशी होत्या. म्हशींना नदीवर न्यायला कुणीतरी पाहिजे होतं. ती कुणीतरी म्हणजे मी. रोज दुपारी ऊन डोक्यावर आलं की मी त्यांना वेदगंगेत घालायचे. त्या नाकापर्यंत पाण्यात बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मी नारळाच्या शेंडीनं त्यांची पाठ घासायचे, वर ओंजळीनं पाणी मारायचे. बाहेर आल्या की उन्हात उभ्या. अंगावरचं पाणी निथळायचं, आणि अशा काळ्या कुळकुळीत चमकायच्या की त्यांच्या पाठीत आभाळ दिसायचं. चौथीनंतर मी जे काही शिकले ते त्या पाठींवर शिकले. शोरूममध्ये ती काळी गाडी बघितली आणि मला आमची थोरली म्हैस आठवली. हे शोरूममध्ये कुणाला सांगणार?

रोहिणी म्हणाली, "आत्यांना काळी आवडली. काळीच घ्यायची. संपलं."

किल्ली देताना तिथल्या एका मुलीनं माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. "काकी, पुढं उभ्या ऱ्हावा," म्हणून मला गाडीशेजारी उभं करून फोटो काढला. एवढ्या माणसांत मला पुढं कुणी बोलावलेलं मला तरी आठवत नव्हतं. त्या फोटोत माझे डोळे मिटलेत, पण फूल चांगलं आलंय.

तर गाडी आली. चैत्रात शाळा सकाळची. रोहिणी बाराच्या सुमाराला घरी यायची, जेवून जरा आडवी व्हायची. गाडी दारात उन्हात उभी. तिच्यावर धुळीचा थर. हात लावला तर चटका बसायचा. मला काही बघवायचं नाही. मी बोअरची मोटार चालू करायचे, बादली भरायचे आणि तांब्यानं वरून पाणी सोडायचे. टपावर, बॉनेटवर, दारांवर. वाफ निघायची. मला वाटायचं, आता कसं गार वाटलं असेल बिचारीला. मग मी बाजूला सरून बघायचे. पाणी निथळत असायचं, काळा रंग चमकत असायचा, त्यात कडुलिंब उलटा दिसायचा. पुसायचं मला एकदाही सुचलं नाही. म्हशीला कोण पुसतं?

दहा-बारा दिवस मी हे केलं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको म्हटलं नव्हतं. त्या कामात मला जितका आनंद झाला तितका घरातल्या दुसऱ्या कुठल्या कामात झाला नसेल. रोहिणी एकदा उठून खिडकीत आली. "आत्या, पुरं की आता, ऊन लागंल," एवढंच म्हणाली आणि हसली.

मग एका सकाळी शेजारच्या अक्काताई गाडीपाशी थांबल्या. अक्काताईंचा आवाज असा की त्या घरात बोलल्या तरी गल्लीला कळतं.

"अगं बया! काय गं, गाडीला देवी आल्या व्हय?"

मी बाहेर आले. सकाळचं ऊन तिरकं पडलं होतं, आणि त्या तिरक्या उन्हात गाडी सगळी ठिपक्याठिपक्यांची दिसत होती. ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे गोल, प्रत्येकाला कडा. टपावर, बॉनेटवर, दारांवर. मी पदरानं पुसलं, गेले नाहीत. थुंकी लावून पुसलं, ओलं असेपर्यंत गेले आणि वाळल्यावर परत आले. हात फिरवला तर बारीक खरखर लागली.

आमचे हे चहाची बशी घेऊन बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "काळी नगं म्हटलं तवा कुणी ऐकलं न्हाय," म्हणाले आणि आत गेले.

रोहिणी मात्र पेटली. तिला वाटलं रंगच खोटा. "उन्हात कुठंतरी सडत पडलेली गाडी वर रंग मारून माझ्या गळ्यात घातली त्यांनी," ती म्हणाली. मोबाईलवर फोटो काढले, शोरूमला फोन केला, "शनिवारी येते, साहेबांना हजर ठेवा," म्हणून सांगितलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्हाला जयसिंगपूरला जायचं होतं. तिच्या भावाच्या मुलीचं बारसं. रोहिणी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीतून, स्वतः चालवत माहेरी जाणार होती. वडिलांच्या दारात ती काळी गाडी उभी करणार होती. आठ दिवस त्याच्यावरच बोलत होती. आता म्हणाली, "ह्या असल्या गाडीतनं मी जात न्हाय. एसटीनं जाऊ."

तोपर्यंत मला काही कळलं नव्हतं. पण तिचं तोंड बघवत नव्हतं.

कळलं ते शुक्रवारी, मोरीत.

आमच्या मोरीतल्या तोटीवर बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. पांढरा, खरखरीत. आधी मी लिंबाची फोड लावून ठेवायचे. एकदा तशीच सकाळपर्यंत राहिली आणि तोटीची चकाकीच गेली, तिथं अजून तोटी आंधळी दिसते. तेव्हापासून मी शहाणी झाले. रोहिणी नूडल्ससाठी व्हिनेगर आणते, त्यात तेवढंच चांगलं पाणी घालायचं, कापड भिजवून तोटीभोवती गुंडाळायचं, जरा वेळानं काढायचं आणि धुवायचं. जास्त वेळ ठेवायचं नाही, घासायचं नाही. तोटी लखलखते.

त्या शुक्रवारी मी कापड गुंडाळायच्या आधी तोटीकडं बघितलं आणि तशीच उभी राहिले. तेच गोल, तीच कडा, बोटाला तीच खरखर.

पाण्याचं मला कळतं. नळाचं पाणी नदीचं. त्यात साबणाला फेस येतो, डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. बोअरच्या पाण्यात डाळ पाच शिट्ट्या खाते आणि तरी दाताखाली येते. वेदगंगेचं पाणी म्हशीच्या पाठीवर वाळलं तर मागं काही राहायचं नाही. बोअरचं पाणी वाळलं की पाणी जातं आणि दगड राहतो. मी रोज दुपारी तापलेल्या पत्र्यावर तो दगड वाळत घातला होता. हे सगळं मला कळत असूनही कळलं नव्हतं, कारण मी गाडीला गाडी समजलेच नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी बोलायचं ठरवलं. जेवताना बोलायचं ठरवलं. रोहिणीला वाढलं, आमटी घातली, बोलले नाही. तसं मला रागावून बोललेलं सोसतं, लहानपणापासून सवय आहे. पण ती मला कधी रागावली नव्हती. तीच एक जागा मला जपून ठेवायची होती.

आज इथं कोपऱ्यावर परत पाइप चालू झालाय. मी हे लिहायला बसले त्याचा तिसरा दिवस. मी पीठ मळतेय आणि कान तिकडं आहे. तो माणूस पाणी मारताना शीळ घालतो. शीळ घालण्यासारखंच काम आहे ते, मला विचारा. त्याला कुणी थांबवलं तर त्याला किती वाईट वाटेल, असंही मनात येतं, आणि मी त्याच्या आनंदाच्या आड लपते. तेव्हाही मी तेच करत होते.

शनिवारी दुपारी रोहिणी शाळेतून आली, जेवलीसुद्धा नाही. केस बांधले, पर्स घेतली, चपला घातल्या.

"आत्या, येते शोरूमला जाऊन. किल्ली देणारी ती पोरगी हाय न्हवं, तिलाच धरते आधी. गोड बोलून फुलं देतीया आनि असली गाडी गळ्यात मारतीया. तिची नोकरीच घालवते बघा."

मला ते गुलाबाचं फूल आठवलं. त्या मुलीचा हात आठवला, फूल देताना काटा माझ्याकडं येऊ नये म्हणून तिनं देठ फिरवून धरला होता.

"जाऊ नको," मी म्हटलं.

"काय म्हनलासा?"

"जाऊ नको गं. मोरीत चल."

"मोरीत?"

मी तिचा हात धरला आणि तिला चपलांसकट मोरीत नेलं. तोटीवर तिचं बोट ठेवलं. मग बाहेर आणलं, उन्हात, गाडीपाशी, आणि तेच बोट बॉनेटवर ठेवलं. मला वाटलं, बोटाला कळेल, मला बोलावं लागणार नाही. पण ती माझ्याकडं बघतच राहिली. मग बोलावं लागलं.

"माझ्यामुळं झालं. बोअरचं पाणी. मी रोज घातलं आणि पुसलं नाही. त्या पोरीला काही बोलू नको."

रोहिणी पायरीवर बसली. पर्स मांडीवर. कडुलिंबाचा मोहोर तिच्या केसांत पडत होता.

"कवा कळलं तुमाला?"

"काल."

"आनि कालपासनं गप?"

मी मान हलवली.

मग ती ओरडली. खरंच ओरडली. "आत्या, गाडी धुतली त्येचं काय न्हाय! मी पन बघतच हुते की खिडकीतनं! पन कालपासनं गप बसलासा? मी तिकडं जाऊन त्या पोरीच्या अंगावर धावून गेले असते. माझं हसं झालं असतं ते झालं असतं, तिचं काय वो? देवानं तोंड दिलंय न्हवं? उघडा की!"

शेजारच्या खिडकीत अक्काताई दिसल्या. मी खाली मान घालून उभी राहिले. नवल असं की मला हलकं वाटत होतं. ती जागा मोडली होती आणि मी अजून उभी होते.

रोहिणीनं चपला काढल्या. "आता निघंल का ह्ये?"

"तोटीचं निघतं."

"तोटी धातूची. ह्यो रंग हाय, आत्या. रंगच निघाला तर?"

"म्हणून आधी पेट्रोलच्या झाकणाआत बघायचं. तिथं कुणाला दिसत नाही."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी वर्गात हात वर केलाय. मग तिनं मोबाईल काढला, काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "इथंबी व्हिनेगरच सांगत्यात. अर्धं व्हिनेगर, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. सावलीत करा, गार गाडीवर करा, घासू नका. तुमी कुठं वाचलं वो?"

"मोरीत," मी म्हटलं.

ती हसली. मोठ्यानं हसली. त्या हसण्यानं माझ्या अंगात दहा म्हशींचं बळ आलं.

गाडी तिनं कडुलिंबाखाली घेतली आणि आम्ही पत्रा गार व्हायची वाट बघितली. जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन होता, तो काढला. माझं एक सुती लुगडं होतं, नेसून नेसून दुधाच्या सायीसारखं मऊ झालेलं. ते मी फाडलं. आधी पेट्रोलच्या झाकणाआत एक कोपरा ओला करून बघितला, रंग जागच्या जागी. मग बॉनेटवर, वीतभर जागा धरून, भिजलेलं कापड अंथरलं. लोणच्याच्या बरणीसारखा वास सुटला. मी मनात शंभर आकडे म्हटले, असे दोनदा. शंभरपर्यंत आकडे चौथीत पक्के झाले होते. कापड उचललं, हलक्या हातानं टिपलं, चांगल्या पाण्यानं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं.

वीतभर जागा काळी झाली होती. नुसती काळी. ठिपका नाही, कडा नाही. मी तळवा फिरवला, आणि तळवा घसरला. धूळ गेलेल्या म्हशीच्या पाठीवर घसरायचा तसा.

"आत्या!" रोहिणी म्हणाली. तिनंही त्या जागेवर तळवा फिरवला.

तेवढ्यात अक्काताई आल्या, हातात काथ्या आणि वाटीत राख. "असं थापटून काय हुतंय? सर बाजूला. राखंनं घासतो, आमचा बंब कसा निघतो बघ." आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी येतो, मी घासतो. त्यांनी राखेत काथ्या बुडवलासुद्धा.

"नको," मी म्हटलं.

"आं?"

"नको अक्काताई. बंबाला चालतं. हिला चरे पडतील. हात लावू नका."

हे मी म्हटलं. माझ्या आवाजात. अक्काताईंचा हात वरच्या वर राहिला. त्या रोहिणीकडं बघून म्हणाल्या, "हिला वाचा फुटली व्हय गं?" आणि पायरीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिल्या. मधे एकदा चहा करून आणला. अंधार पडायच्या आत बॉनेट आणि एक बाजू झाली. त्या दिवशी नळाची पाळी होती. नदीचं पाणी सगळं गाडीसाठी भरून ठेवलं, आणि आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच स्वतः बादल्या उचलल्या. बादली ठेवताना गाडीला पुसटसा हात लावून बघायचे, आम्ही बघत नाही असं समजून.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून राहिलेलं केलं. टपाला माझा हात पोचत नव्हता, तो रोहिणीनं स्टुलावर चढून केला. मी खालून सांगत होते. "घासू नको. टिप. वाळू देऊ नको. आता पूस." मी सांगतेय आणि शाळेतली बाई ऐकतेय. पहाटेच्या गार वाऱ्यात आम्ही दोघी त्या गाडीभोवती फिरत होतो, आणि एकेक वीत करत काळा रंग वर येत होता. जणू पाण्यात बुडालेलं काहीतरी नाक वर काढतंय.

ऊन आलं तेव्हा गाडीत सगळं दिसत होतं. कडुलिंब, आमचा दरवाजा, अक्काताईंचं पिवळं लुगडं, आणि मी. मी स्वतःला एवढी मोठी कधी बघितली नव्हती. घरातला आरसा चेहऱ्यापुरता आहे. गाडीच्या दारात मी पायापर्यंत होते, पदर खोचलेला, हातात फडकं.

एक ठिपका मात्र निघाला नाही. डाव्या आरशाखाली. दोनदा कापड ठेवलं, थोडा फिका झाला, पण गेला नाही. तिथं पाण्यानं रंगच खाल्ला होता. तिसऱ्यांदा ठेवायला रोहिणी गेली तर मी तिला थांबवलं. "राहू दे. तीट समज."

"तीट काळी असती, आत्या."

"काळ्या लेकराला पांढरी लावायची."

जयसिंगपूरला जाताना मी पुढं बसले. पट्टा कसा लावायचा ते मला येईना, रोहिणीनं वाकून लावला. मागून आमचे हे "हळू, हळू" म्हणत होते आणि रोहिणी "व्हय मामा, व्हय," म्हणत वेगानं जात होती. दोन्ही बाजूंना ऊस तुटून गेलेली रानं, मधेच तुटल्या बुडक्यांवर फुटलेल्या खोडव्याचा हिरवा पट्टा. मी खिडकीतून बाहेर बघत नव्हते. मी बॉनेट बघत होते. त्यावरून अख्खं आभाळ आमच्याकडं वाहत येत होतं.

रोहिणीच्या वडिलांना सवय आहे, पोतं दिसलं की हात घालायचा, दाणे चोळायचे, तोंडात टाकायचे. माणसांशी बोलायच्या आधी ते मालाशी बोलतात. गाडी दारात थांबली तसे ते बाहेर आले. गाडीकडं गेले. खिशातून चष्मा काढला. बॉनेटवर बोट ठेवलं आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. मग बोट उन्हात धरून बघितलं. मी श्वास धरून ठेवला होता. रोहिणीनंही. त्या बोटाखाली आम्हा दोघींचं काहीतरी होतं.

"पोरी," ते म्हणाले, "आमच्या दुकानदारांच्या गाड्या बघतो मी. पंधरा दिसांत पांढऱ्या पडत्यात. तुज्या गाडीचं काम कुणाकडनं करून घेतलंस?"

"आमच्या आत्यांकडनं," रोहिणी म्हणाली. सगळ्या बारशाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. आजवर ते मला "रामराम" सोडून काही बोलले नव्हते. आता म्हणाले, "इहीणबाई, पुढल्या टायमाला आमची गाडीबी लावून देतो तुमच्या दारात. चांगली दोन दिस." बायका हसल्या. मला लाजून घरात पळावंसं वाटलं, आणि मी पळाले नाही. नंतर ते लेकीला हळू म्हणाले, "मला एक चक्कर मार की गं." ती त्यांना घेऊन गेली. बारशाचा मुहूर्त टळायला आला तरी दोघांचा पत्ता नव्हता.

त्या चैत्रातलं इतर काही फार आठवत नाही. आंबे कसे होते, लग्नं कुणाची झाली, विचारू नका. तळव्याखालची ती वीतभर जागा तेवढी आठवते, खरखरीत होती ती गुळगुळीत होताना. पोळी फुगताना बघावी तसं आहे ते. कितीदा बघितलं तरी आपण केलं असं वाटत नाही, आणि आपणच केलेलं असतं.

काळी गाडी अजून तशीच आहे. सकाळी, सावलीत, नदीच्या पाण्यानं धुतो आणि लगेच पुसतो. पांढरी तीट आरशाखाली आहे. रोहिणी गाडीत बसताना तिच्यावर अंगठा फिरवते, देवाच्या उंबऱ्यावर फिरवावा तसा.

इथपर्यंत मी काल आणि परवा लिहिलं होतं. मधे पीठ मळतानाचं घातलं ते आज दुपारी. आता पुढचं लिहिते, हाताला अजून पीठ आहे.

पाइपचा आवाज थांबला. मी खिडकीतून बघितलं. तो माणूस बाजूला सरून उभा होता, कमरेवर हात, मान एकीकडं कललेली. गाडी निथळत होती. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला ओळखू आलं. कुणीही सांगितलेलं नसताना एखाद्याला आंघोळ घातल्याचं सुख. डाळिंबी पत्र्यावर थेंब वाळत होते, आणि एकेका थेंबाच्या जागी काय राहणार ते मला इथून दिसत होतं.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. पदर सारखा केला. ह्या वेळी आत आले नाही.

"अहो पावणं!"

गल्लीत कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. माझ्याच गळ्यातून आलं होतं ते. अक्काताईंची खिडकी उघडली. झाडावरचा कावळा उडाला.

"गाडी सावलीत घ्या! बोअरचं पानी हाय त्ये! उन्हात डाग पडत्यात!"

तो माणूस इकडंतिकडं बघायला लागला. "मला म्हनतासा व्हय, मावशी?"

"मग काय कडुलिंबाला म्हणते?"

आतून रोहिणीचं हसू ऐकू आलं, झोपेतून उठल्याचं, खदाखदा. माझे कान तापले होते, पण पाय चालत होते. मी गल्ली ओलांडली, पिठाच्या हातानंच खांद्यावरचं फडकं ओढलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं.

"घ्या. आधी पुसून काढा," मी म्हटलं. "म्हस न्हवं ती."